निकिता काय म्हणाली

पालम
२८ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. पंकजास,
बायनाआक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आम्ही दोघं मायलेक सुखरूप पोचलो. गंगाखेडला गाडी बदलताना तू बांधून दिलेली पोळ्यांची पिशवी सीटवरच राहिली होती. भागवत पळत जाऊन परत गाडीत चढला आणि घेऊन आला. राहिली असती तर कंडक्टरनं पुरण चाखून आपल्याला दुवा दिला असता की शिव्या, हे मी सांगत नाही. तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून तुझं पुरण खाते आहे. गूळ अजूनही सोनं मोजल्यासारखा जपून घालतेस.

यापुढं भागवतच्या फोनवर लिहून पाठवत जा, असं तुझा सूर्यभान म्हणत होता म्हणे. पण तो फोन आधी भागवतच्या हातात पडतो, आणि नणंद-भावजयीचं बोलणं पोरांनी वाचू नये. कानाला फोन लावून मला उपयोग नाही, हे तुला ठाऊक आहे. परभणीहून आणलेलं कानाचं मशीन नुसतं पिठाच्या गिरणीसारखं घरघरतं, म्हणून पेटीत ठेवून दिलं. आपलं कागदावरचं भांडणच बरं.

निकिता-भागवतची सुपारी झाली, माझ्या जिवाचं ओझं उतरलं. तुझ्या लग्नात मी भागवतला कडेवर घेऊन दार अडवलं होतं, ते आठवलं. तुला मुलगी झाली की माझ्या पोराला देशील तरच आत सोडीन, असं मी म्हणाले. आपल्याकडच्या नव्या नवऱ्या अशा वेळी लाजून मान हलवतात. तू पदराआडून म्हणालीस की, आधी आत तर येऊ द्या, मुलगी काय उंबऱ्यावरच जन्माला घालू का? सगळा मांडव हसला. तुझे सासरे, आपले दादा, मात्र दिवसभर फुगून बसले होते. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. ह्या घरात आपल्याला तोंडाला तोंड देणारं कुणीतरी आलं, असं वाटलं.

आता मुद्द्याचं. सुपारी फोडायच्या आधी मुलाच्या आईनं मुलीला चारचौघांत विचारायचं, येतीस का माझ्या घरी, आणि मुलीनं खाली मान घालून हूं करायचं, ही आपली रीत. मी विचारलं. निकितानं मान खाली घातली नाही. माझ्याकडं बघून काहीतरी बोलली, चांगलं लांबलचक बोलली. आणि बैठकीत एकच हशा झाला. सूर्यभाननं मांडीवर थाप मारली, तू तोंडाला पदर लावलास, दत्तराव काका उलट काहीतरी म्हणाले, त्यावर पुन्हा सगळे हसले. मीही हसले. सगळे हसताना आपण कोरडं तोंड करून बसलं की लोक कानाशी येऊन ओरडून सांगायला लागतात, त्याची मला लाज वाटते. मग लगेच सुपारी फुटली, पेढे आले आणि विचारायचं राहून गेलं.

तर पोरगी काय म्हणाली ते जसंच्या तसं लिही. माझी सून व्हायची आहे, तिचं पहिलं उत्तर मला माहीत असायला नको का?

मुलांना आशीर्वाद. माया आहे तेवढी असू दे. वाढवलीस तर मी तक्रार करणार नाही.

तुझी,
बायनाआक्का


पिंगळी
६ डिसेंबर २०२३

ती. आक्कांच्या सेवेशी,
पंकजाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. पुरणाला नावं ठेवणाऱ्या माणसानं पोराला परत गाडीत चढवून पिशवी आणवली, यातच सगळं आलं. पुढच्या खेपेला गुळाची ढेपच बांधून देते, वाटेत चघळत जा.

इकडं सगळं ठीक. तूर फुलात आहे, पण रोज सकाळी धुई-धुकं पडतं आणि फूल गळतं, म्हणून यांची चिडचिड चाललेली असते. लग्नाची तिथी फेब्रुवारीतली निघाली, ती भागवतला कळवली आहेच. पत्रिकेचा मजकूर छापखान्यात दिला. निकितानं परभणीच्या साडीच्या दुकानातलं काम सोडलं. यांनीच सोडायला सांगितलं. मालक घरी येऊन गेले. ते म्हणाले की, हिच्या जिभेवर माझा अर्धा धंदा चालायचा, गिऱ्हाईक साडी न घेता परत गेलं असं कधी झालं नाही. चहा पिताना हे खूप खूश होते, पोरीचं कौतुक कुणाला आवडत नाही?

तुम्ही विचारलंत ते सुपारीतलं बोलणं काही विशेष नव्हतं. पोरीची जीभ तुम्हाला माहीत आहे. सहा वर्षांची असताना पंचमीला दत्तराव काकांनी विचारलं, तू कुणाची नवरी गं? तेव्हा ही म्हणाली होती की, आधी भागवतला नाक पुसायला शिकवा. सगळी आळी हसली होती. दहावीत असताना कुणीतरी छेडलं, कधी करायचं मग लगीन? तर म्हणाली, भागवतला इचारा, अन् त्यानं उत्तर दिलं की मला झोपेतून उठवा. मागच्या वर्षी गुरुजींनी पत्रिका जुळवल्या तेव्हा तर कहर केला. म्हणाली, छत्तीस गुण तुमच्याजवळच ठेवा, मला एकच पाहिजे, बोलण्याचा. गुरुजी दक्षिणा घ्यायची विसरून हसत बसले. त्यातलंच एक हेही. ऐकणारे हसले आणि विसरले, तुम्हीही मनाला लावून घेऊ नका.

आता मात्र पोरगी एकदम समजूतदार झाली आहे. सुपारी झाल्यापासून गप्प असते. सांगितलं तेवढं करते, उलट बोलत नाही. हे म्हणतात, बघ, सुपारी फुटली आणि पोर शहाणी झाली. मला मात्र घर जरा सुनं सुनं वाटतं. पण ती सासरी जायच्या आधीच असं वाटायला लागलंय, असं समजून मी कामाला लागते.

आपल्या प्रकृतीला जपावं. आहे तोच लोभ पुढं चालवावा, नवीन मागत नाही.

आपली,
पंकजा


पालम
१४ डिसेंबर २०२३

चि. सौ. पंकजास अनेक आशीर्वाद.

विषय बदलायला तू कधीपासून शिकलीस? मी एक विचारलं आणि तू तूर, धुई, छापखाना, गुरुजी सगळं लिहिलंस. मनाला लावून घेऊ नका म्हणतेस, म्हणजे लावून घेण्यासारखं काहीतरी आहे.

भागवतला विचारलं. त्यानं फोनवर लिहून दाखवलं की, काही नाही, मस्करी केली. एवढंच. तुला माहीत आहे, त्याच्याकडून चार शब्द निघाले म्हणजे पुष्कळ. पण पोरगा खुशीत आहे. स्वतःच्या हातानं माडीवरची खोली रंगवली. रंग आंब्याच्या कोयीसारखा झालाय, पण मी काही बोलले नाही. कपाट आणलं, आरसा आणला. पत्रिका जुळायच्या आधी दोन वर्षं बाहेर स्थळं बघत फिरलो तेव्हा प्रत्येकानं आधी विचारलं, नोकरी आहे का. शेती करतो म्हटल्यावर पाणी देऊन वाटेला लावलं. आता तो जिना चढताना दोन दोन पायऱ्या चढतो. त्याचं काय चाललंय हे त्याच्या पायांवरनं मला कळतं.

तुला वाटेल, म्हातारी एका वाक्यासाठी हट्टाला पेटली. तुला एक सांगते, कुणाला बोलू नकोस. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत बबिताच्या घरी बायका जमल्या होत्या. सगळ्या तोंडाला पदर लावून बसलेल्या, खांदे हलत होते. मला वाटलं, कुणीतरी विनोद केला. मी आपली हसत हसत आत गेले आणि विचारलं, मला पण सांगा की गं. तिचा भाऊ गेल्याचा निरोप आला होता. सगळ्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती अजून डोळ्यापुढून जात नाही. तेव्हापासून मला माणसांच्या तोंडावरचं हसणं बघून काही कळून घ्यायची भीती वाटते.

म्हणून शब्दाला शब्द लिही. गोड करून लिहू नकोस, तुझा तसाही गोडाशी संबंध नाही.

तुझ्यावर जीव आहे, तो असाच राहील. उत्तर दिलंस तरच, असं मात्र म्हणते.

बायनाआक्का


पिंगळी
२१ डिसेंबर २०२३

ती. आक्का यांस,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मला रडू आलं. बबिताताईंच्या घरचं तुम्ही मला आधी का कळवलं नाही? आणि आता जे लिहिते ते लिहिताना हात धजत नाही. पण तुम्ही मागितलंत, म्हणून लिहिते.

तुम्ही विचारलंत, येतीस का माझ्या घरी. निकिता म्हणाली की, आत्या, येऊन मी काय करू? तुमाला ऐकू येत न्हाई अन् भागवतला बोलता येत न्हाई, मग मी बोलायचं कुणासंगं, म्हशीसंगं? त्यावर सगळे हसले. दत्तराव काका म्हणाले, मग तुझ्यासंगं तुमची म्हैस बी धाडू, तिला तुझी सवय हाय. त्यावर पुन्हा हसले आणि काकांनी सुपारीवर अडकित्ता ठेवला.

आक्का, मी हात जोडून माफी मागते. तुमच्या कानांवरून तिनं चारचौघांत बोलावं, हे माझंच शिकवणं कमी पडलं. मी पदर तोंडाला लावला तो लाजेनं लावला होता, पण खोटं कशाला सांगू, हसूही आलं होतं. पाहुणे गेल्यावर मी तिला स्वयंपाकघरात नेऊन चांगली झाडली. म्हटलं, आत्यानं तुला अंगाखांद्यावर खेळवलं, तिच्या कमीपणावर बोलताना जीभ झडली कशी नाही? तिनं एक शब्द उलट काढला नाही. मला वाटतं, तिला स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण तेव्हापासूनच ती अशी गप्प आहे. भाकरी अर्धी टाकून उठते. दुकानातल्या मैत्रिणीचा फोन आला तरी घेत नाही. रेल्वेची शिट्टी वाजली की तेवढी दारात जाऊन उभी राहते, रोजची परभणीला जायची वेळ तीच ना. तुमच्या पाया पडायला तिला घेऊन येणार होते, पण लग्नाआधी मुलीनं सासरच्या गावी जायचं नाही, असं हे म्हणाले.

लेकरू समजून पोटात घाला. तुमची माया कमी झाली तर मला कुठं थारा नाही.

आपली अपराधी,
पंकजा


पालम
२९ डिसेंबर २०२३

चि. सौ. पंकजास आशीर्वाद.

माझ्या कानांसाठी माफी मागू नकोस. मला ऐकू येत नाही, हे खरं आहे आणि पोरगी खरं बोलली. ते वाचून मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

मी ते वाक्य दुपारी ओट्यावर बसून वाचलं. आजूबाजूला कुणी नव्हतं, कुणी हसत नव्हतं. म्हणून मला ते नीट वाचता आलं. तूही तसंच वाच. हे घरात नको, परसात जाऊन वाच. मी तिला विचारलं, येतीस का. ती म्हणाली, येऊन मी बोलायचं कुणाशी. पंकजा, ह्यात हसण्यासारखं काय आहे? पोरगी नाही म्हणाली, आणि आपण पेढे वाटले.

तू मागच्या पत्रात तिची जुनी बोलणी कौतुकानं लिहिलीस. नाक पुसायला शिकवा, उत्तर दिलं की उठवा, मला बोलणारा पाहिजे. ती सगळी पुन्हा काढून वाच. त्यातलं एक तरी हो आहे का, बघ.

आता माझं सांगते. आमच्या वर्गात माझ्यासारखं तोंड कुणाचं नव्हतं. मास्तर मला मुद्दाम छेडायचे आणि मी काय म्हणते याची वाट बघायचे. लग्न होऊन इथं आले. तुझे दाजी देवमाणूस होते. हात उगारणं तर सोडच, कधी आवाज चढवला नाही. पण मी काही बोलले की माझ्याकडं बघायचे आणि उठून गोठ्यात जायचे. मला वाटायचं, लाजतात. मग वाटलं, थकतात. मी एकेक रचून ठेवायची, ते जेवायला बसले की सांगायची. ते वरण मागायचे. पहिल्या पहिल्यांदा मी स्वतःच हसायची. पुढं ते सुचायचंच बंद झालं. कान तर कितीतरी वर्षांनी गेले. लोकांना वाटतं, बायनाबाई कान गेल्यावर गप्प झाली. तसं नाही. मी आधीच गप्प झाले होते, कानांचं फक्त निमित्त झालं. तुझी पत्रं नसती तर मला बोलता येत होतं हे मीही विसरले असते.

भागवत बापावर गेला आहे. माझं पोर वाईट नाही, तिला फुलासारखी जपेल. पण ती काही विचारील तेव्हा तो माडीवर जाईल. आणि ती दोन दिवस मला हातवारे करून सांगेल, तिसऱ्या दिवशी कंटाळेल.

तिला एकटीला विचार. हसू नकोस आणि रागवूही नकोस. ती काय म्हणते ते मला कळव.

काळजी घे. माझा लोभ तुझ्यावर आहे तसाच त्या पोरीवरही आहे, हे तिला सांग.

बायनाआक्का


पिंगळी
६ जानेवारी २०२४

ती. आक्का यांस,
शि. सा. नमस्कार.

विचारलं. तुरीच्या शेंगा तोडायला दोघीच गेलो होतो, तिथं विचारलं. आधी ती शेंगाच तोडत राहिली. मग म्हणाली, मम्मी, मी लहानपणापासून न्हाईच म्हणायलेय, तुमी दर टायमाला हसायलाव. मी म्हटलं, मग सरळ नाही का म्हणाली नाहीस? तर म्हणाली, सरळ न्हाई म्हणलं असतं तर पप्पा चिडले असते, तू मला तोंडाळ म्हणली असतीस. हसवलं की कुणी चिडत न्हाई, एवढंच मला लहानपणी समजलं. सुपारीच्या दिवशी तिला वाटलं होतं की एवढं उघड बोलल्यावर तरी कुणीतरी थांबेल. ती माझ्याकडं बघत होती म्हणे, आणि मी पदराआड हसत होते. आक्का, हे ऐकल्यापासून मला माझ्या हसण्याची किळस आली आहे.

तिला भागवतबद्दल राग नाही. दुसरं कुणी मनात आहे का, तेही विचारलं. नाही म्हणाली. फक्त म्हणाली की, तिकडं मी मरून जाईन, पण कुणाला कळणार न्हाई कारण सैपाक रोज होईल.

काल यांच्या कानावर घातलं. हे ताटावरून उठले. म्हणाले, आक्काला नवरा न्हाई, कान न्हाईत, तिच्या पोराची सुपारी मोडून मी भावकीत तोंड कुठं दाखवू? सुपारी काय शेंगदाणा हाय का, फोडला अन् टाकला? पोरीला विचारून आजवर आपल्यात कुणाचं लगीन झालं न्हाई, तुझं बी न्हाई. पत्रिका छापून आल्या आहेत. मला यांना पुढं काय म्हणावं ते सुचलं नाही. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

हे तुम्हाला लिहिलं म्हणून तुम्ही काही करावं, असं माझं म्हणणं नाही. तुमच्या पोराची रंगवलेली खोली मला रोज डोळ्यांपुढं दिसते. मी फक्त तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर दिलं.

कृपा असावी. आत्ता दुसरं काही मागण्याची माझी योग्यता नाही.

पंकजा


पालम
१३ जानेवारी २०२४

चि. सूर्यभान यास आशीर्वाद.

पत्र लिहिण्याचं कारण, फेब्रुवारीतलं लग्न आम्हाला करायचं नाही.

सुपारीच्या बैठकीत तुझ्या मुलीनं माझ्या बहिरेपणावर चारचौघांत थट्टा केली आणि तू मांडीवर थाप मारून हसलास. मला त्या वेळी ऐकू आलं नाही, म्हणून मीही तुमच्यात बसून हसले. नंतर माझ्या कानावर आलं. जी मुलगी लग्नाआधी सासूच्या व्यंगावर बोलते ती घरात येऊन काय करील, याचा विचार केला. असली सून मला नको.

भागवतची संमती घेतलेली नाही. घरात मी मोठी आहे, तेव्हा माझा शब्द शेवटचा समजावा. सुपारी आमच्या बाजूनं मोडली, असं भावकीत सांगावं. तुमच्याकडं दोष येणार नाही. समजूत काढायला कुणाला पाठवू नये, मला ऐकू येणार नाही.

तुझी बहीण,
बायना


पिंगळी
१९ जानेवारी २०२४

श्रीमती बायनाबाई यांस,

आपलं पत्र पोचलं. आमच्या घरात पोरीच्या बोलण्याला सगळे हसतात आणि सोडून देतात. तुम्हीही लहानपणापासून दादांसमोर काय काय बोलत होतात, ते विसरलात. एका मस्करीपायी तुम्ही माझ्या पोरीची सुपारी मोडली. आता गावात तिला बहिऱ्या आत्याला हसणारी म्हणतात. तिला स्थळ कुठून आणायचं, ते तुम्ही सांगणार नाही.

मी बायकोशी वाद घालून, माझ्या पोरीच्या मनाविरुद्ध, तुमच्या पोराचं घर बसवायला निघालो होतो. त्याचं हे फळ मिळालं. बैठकीतलं बोलणं तुम्हाला कुणी लिहिलं, हेही मला समजलं आहे. माझ्या घरातून तुम्हाला यापुढं कागद येणार नाही, तशी शपथ घातली आहे. तुमचा आला तर उघडला जाणार नाही. पंचमी, भाऊबीज, कशालाच वाट बघू नये.

आहात तिथं खुशाल राहावं.

सूर्यभान


परभणी
४ मार्च २०२४

ती. आत्या यांस,
निकिताचा साष्टांग नमस्कार.

मी पुन्हा दुकानात जायला लागले. मम्मीनंच पप्पांशी भांडून पाठवलं. ती शपथेमुळं लिहीत नाही, पण तुमची सगळी पत्रं तिनं मला दाखवली. तुम्ही पप्पांना लिहिलेलं मात्र पप्पांनीच बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवलं. तेव्हा मम्मी उठून परसात गेली. तुम्ही ते का लिहिलं, हे तिला आणि मला दोघींनाच कळलं होतं.

आत्या, मी तुमच्या कानांवर बोलले ते तुम्हाला दुखवायला नाही. दुसरं काही सुचलं नाही.

इथं मालक म्हणतात, तुझी जीभ घरी विसरलीस का? गिऱ्हाईक मुद्दाम माझ्याच समोर येऊन बसतं आणि मला काही सुचत नाही. तोंडाशी आलं की वाटतं, हे आता हसतील. मग मी साडीची किंमत तेवढी सांगते.

भागवत गेल्या आठवड्यात बाजारात दिसला. माझ्याकडं न बघता पुढं गेला. तो तुमच्याशी बोलत नाही, असं दत्तराव काका सांगत होते. त्याला वाटतं, आईनं एवढ्याशा मस्करीसाठी त्याचं लग्न मोडलं. मी त्याला खरं सांगणार आहे. माझ्यामुळं तुम्ही दोष का घ्यायचा? उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको.

तुमचा आशीर्वाद आहे म्हणून मी आज इथं आहे. तो काढून घेऊ नका.

तुमची,
निकिता


पालम
११ मार्च २०२४

चि. निकितास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

भागवतला काही सांगू नकोस, माझी शपथ आहे. पोरानं आईवर रागवलं तर ते निभतं. जगात सगळी पोरं कधी ना कधी रागवतात. पण तुला तो नको होता हे त्याला कळलं, तर तो आणखी गप्प होईल. याहून गप्प माणूस कसा असतो, ते मला बघायचं नाही. आणि त्याला सांगितलंस की ते सूर्यभानपर्यंत जाईल. मग तो तुझ्या तोंडून निघालेल्या प्रत्येक शब्दाचा हिशेब मागेल. तेव्हा मी वाईट आहे, ते तसंच राहू दे.

तुझी आई लिहीत नाही, ते बरोबर करते. तिला म्हणावं, मी रागावले नाही. एवढंच सांग. पोस्टमन आमच्या गल्लीत शिरला की मी ओट्यावर येते, ही सवय आहे, ती जाईल.

तुझं बोलणं परत येईल की नाही, मला माहीत नाही. येईल म्हणून तुला खोटा धीर देत नाही, कारण माझं आलं नव्हतं. पण तू ज्या घरात उत्तर मिळत नाही तिथं राहत नाहीस, हा फरक आहे. मालकानं छेडलं तर प्रयत्न कर. वाकडं तिकडं काहीही म्हण, पण गप्प बसू नकोस.

भागवत माझ्याशी बोलत नाही, हे काकांनी सांगितलं ते खरं नाही. तू लिहितेस तो बाजार करून तो संध्याकाळी घरी आला. मी भाकरी टाकत होते. तो चुलीसमोर येऊन उभा राहिला आणि बोलायला लागला. मला आधी कळलंच नाही. मान वर केली तर त्याचे ओठ भराभर हलत होते, हात हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. मध्येच डोळे पुसत होता आणि पुन्हा बोलत होता. मी खूण करून लिहून दे म्हणाले. त्यानं नुसती मान हलवली आणि बोलत राहिला. एवढं बोलताना मी त्याला जन्मापासून कधी बघितलं नव्हतं, त्याच्या बापालाही नाही. तव्यावरची भाकरी जळाली तरी तो थांबला नाही. मला त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही.

तुझी,
आत्या